कवळी, पंगत आणि बोलणं



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते हाडाचे शिक्षक होते. शिक्षकाचा संसार बोलण्यावर चालतो, आणि बोलणं चालतं ओठ, जीभ, दात आणि टाळू यांच्यावर. म्हणून त्यांच्या नावाच्या मालेत कवळीवर बोलायला मला जराही संकोच वाटत नाही.

मी कृत्रिम दात बसवणारा डॉक्टर आहे. तोंडातला जो भाग गेला असेल तो करून द्यायचा, हे आमच्या शाखेचं काम. कधी एक दात, कधी सगळेच्या सगळे, तर कधी अर्धी टाळू. एवढी वर्षं हे काम केल्यावर माझी एक धारणा पक्की झाली आहे, आणि आज तीच मांडणार आहे. कवळी जमली की नाही, हे तोंडात आरसा घालून कळत नाही. ते त्या माणसाला विचारावं लागतं. चारचौघांत जेवता का? फोनवर बोलता का? नातवाबरोबर फोटो काढताना ओठ मिटून घेता का? या उत्तरांवरून उपचार झाला की नाही ते ठरतं.

आधी हे पाहू, की दात जातात तेव्हा माणसाचं नेमकं काय जातं?

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ सालचा मौखिक आरोग्याचा अहवाल सांगतो, की जगातल्या साठीपुढच्या माणसांपैकी सुमारे २३ टक्के लोकांच्या तोंडात एकही दात उरलेला नाही. जवळजवळ चारांत एक. आपल्याकडे दात जाण्याची कारणं तुम्हाला ठाऊक आहेत. हिरड्यांचा आजार, ताब्यात नसलेला मधुमेह, मिसरी, तंबाखू. आणि आणखी एक कारण, ज्याचा उच्चार कमी होतो: पैसे. दुखणारा दात वाचवायचा तर रूट कॅनाल आणि वर टोपी. काढायचा तर एका फेरीत, थोडक्यात सुटका. मजुरी बुडवून तालुक्याला आलेली बाई काय निवडेल? एकेक करत दात जातात, आणि प्रत्येक वेळी तो निर्णय त्या दिवसापुरता शहाणपणाचाच असतो.

मग हळूहळू ताट बदलतं. पहिल्यांदा ऊस जातो, पेरू जातो, हुरडा जातो, भाजलेल्या शेंगा जातात. मग मटण, मग कच्ची काकडी, गाजर, कोशिंबीर. भाकरी दुधात नाहीतर आमटीत कुस्करून खायची. शेवटी मऊ भात, लापशी, चहात बुडवलेलं बिस्कीट. चणे आहेत तर दात नाहीत, असं आपण सहज म्हणून जातो, पण ज्याचं ताट असं आटत गेलं त्याच्या अंगातून चोथा, फळं, डाळी, दाणे सगळंच आटत जातं. घरचे म्हणतात, वय झालं, आता भूक कमी झाली. भूक कमी झालेली नसते. चावता येत नसतं, आणि ते सांगायची लाज वाटत असते.

ताटापाठोपाठ पंगत जाते. बिनदाताचा माणूस सावकाश जेवतो. शेजारचे ताकभाताला आले तरी याची पहिली पोळी संपलेली नसते. घास गालात फिरवावा लागतो, ओठ आत जातात, हनुवटी वर येते, कधी कण बाहेर येतो. मग लग्नकार्यात आजोबा म्हणतात, मला भूक नाही, तुम्ही बसा. आजी म्हणतात, माझा आज उपास आहे. घरातसुद्धा सगळ्यांच्या आधी नाहीतर सगळ्यांच्या नंतर जेवायचं. बोलताना तोंडापुढे पदर येतो. कीर्तनाला माणूस मागच्या रांगेत बसतो. यात कुठे वेदना नाही, ताप नाही, रक्त नाही. म्हणून याला आजार म्हणून कोणी डॉक्टरकडे आणत नाही.

हे मोजता येतं का? येतं. आणि ही माझ्या क्षेत्रातली मोठी गोष्ट आहे, म्हणून तिथे थोडा थांबतो.

दंतवैद्यकात फार काळ आम्ही आमचीच मापं लावत होतो. कड नीट आहे का, पकड आहे का, वरचे-खालचे दात एकाच वेळी टेकतात का. १९९४ साली गॅरी स्लेड आणि जॉन स्पेन्सर या संशोधकांनी ४९ प्रश्नांची एक यादी केली. १९९७ मध्ये स्लेड यांनी ती १४ प्रश्नांवर आणली, आणि आज जगभर ती वापरली जाते. तिच्यात आमची मापं नाहीत. तिच्यात रुग्णाला विचारतात, की तोंडाच्या तक्रारीमुळे शब्द उच्चारायला त्रास झाला का, जेवण अर्धवट सोडावं लागलं का, चारचौघांत अवघडल्यासारखं झालं का, घरच्यांवर चिडचिड झाली का, एकूण जगण्यातली गोडी कमी झाली का. अशी विचारपूस सुरू झाल्यावर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. डॉक्टरने उत्तम ठरवलेली कवळी आणि रुग्ण खूश असलेली कवळी यांचा मेळ फार सैल आहे. बेताच्या कवळीवर सुखाने जेवणारी माणसं असतात, आणि निर्दोष कवळी डबीत ठेवून बोळक्या तोंडाने बसणारीही असतात.

असं का व्हावं? यासाठी कवळी तोंडात कशी राहते ते समजून घ्यावं लागेल.

वरची कवळी टाळूला धरून राहते. मधे लाळेचा पातळ थर असतो, आणि कडेने ओठ-गालांची मऊ त्वचा हवा आत शिरू देत नाही. ही युक्ती जपानी कारागिरांना फार पूर्वी उमगली होती. वाकायामा इथल्या एका मंदिरात १५३८ साली वारलेल्या एका बौद्ध भिक्षुणीची लाकडी कवळी आहे. एकाच लाकडातून कोरलेली, टाळूवर पूर्ण बसणारी. त्या काळात, आणि पुढेही पुष्कळ वर्षं, युरोपातले कारागीर हस्तिदंत, माणसांचे दात, तारा आणि स्प्रिंगा यांच्याशी झगडत होते. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ मध्ये पदावर आले तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता, आणि स्प्रिंगांची ती जड कवळी त्यांना जन्मभर छळत राहिली. पुढे रबर आलं, १९३०च्या दशकात ॲक्रिलिक आलं, आणि आजची गुलाबी कवळी त्याच ॲक्रिलिकची.

खालच्या कवळीचं दैव मात्र अजून तितकंसं पालटलेलं नाही. मधे जीभ असल्यामुळे ती नालाच्या आकाराची करावी लागते. वरच्या कवळीला टेकायला साधारण २३ चौरस सेंटिमीटर जागा मिळते, खालच्या कवळीला तिच्या निम्मी. जीभ उचलली की ती उचलली जाते, गाल हलला की हलते. त्यातून हाड झिजत असतं. दात गेल्यावर जबड्याचं ते हाड, ज्याचं काम फक्त दात धरणं हेच होतं, विरत जातं. संशोधक आंत्ये टालग्रेन यांनी रुग्णांचा २५ वर्षं पाठपुरावा करून १९७२ मध्ये दाखवून दिलं, की खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट असते. म्हणून दहा वर्षांपूर्वी घट्ट बसणारी कवळी आज तोंडात खडखडते. कवळी बदललेली नसते, खालची जमीन बदललेली असते. आणि चावण्याचा जोर? सगळ्या दातांची कवळी घालणाऱ्याला नैसर्गिक दातांच्या जेमतेम पाचव्या-चौथ्या हिश्शाइतका जोर मिळतो.

हे सगळं रुग्णाला आधी सांगायला हवं. आधी, कवळी हातात दिल्यावर नव्हे. बरीचशी निराशा इथेच जन्माला येते. कोणी त्याला सांगितलेलं असतं, आता तुम्ही काहीही खा. तो पहिल्याच दिवशी चकली खातो, हिरडी सोलली जाते, आणि कवळी कपाटात जाते. नव्या कवळीला सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात. ओठ, गाल आणि जीभ यांनी तिला सांभाळायला शिकावं लागतं, आणि सत्तरीत नवं काही शिकणं सोपं नसतं. टोचणारी जागा घासून घ्यायला चार वेळा यावं लागतं. गावाहून येणाऱ्या माणसाला चौथी फेरी परवडत नाही, आणि म्हणूनच शिबिरात एका दिवसात कवळ्या वाटून टाकायला माझा विरोध आहे. वाटप मोजलं जातं, वापर मोजला जात नाही.

खालच्या कवळीवर खरा उतारा मिळाला तो स्वीडनमधून. गोथेनबर्गच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना सशांच्या हाडांवर प्रयोग करताना दिसलं, की टायटॅनियम धातू हाडाशी एकजीव होतो. १९६५ मध्ये त्यांनी यॉस्टा लार्सन या गृहस्थाच्या जबड्यात टायटॅनियमचे खुंट बसवले. लार्सनना जन्मतःच टाळूचं व्यंग होतं, जबडा सदोष होता. ते खुंट २००६ साली त्यांचं निधन होईपर्यंत टिकले. २००२ मध्ये कॅनडात मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी म्हटलं, की खालच्या जबड्यात एकही दात नसेल तर दोन इम्प्लांट, म्हणजे असेच खुंट, आणि त्यावर अडकवलेली कवळी हाच पहिला उपचार मानावा. त्याला आता वीसहून अधिक वर्षं उलटली. आपल्याकडे अजून साध्या कवळीसाठीच माणसं थांबलेली आहेत.

आता बोलण्याकडे येतो.

मराठी बोलताना आपण त, थ, द, ध म्हणतो तेव्हा जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांना मागून टेकतं. चमच्यातला च आणि जहाजातला ज दातांच्या मुळाशी घडतो. ट, ठ, ड, ढ, ण आणि आपला ळ यांच्यासाठी जीभ वर वळून टाळूला लागते, म्हणजे वरची कवळी घातल्यावर तिच्या पत्र्याला लागते. तो पत्रा जाड झाला, किंवा पुढचे दात दोन मिलिमीटर इकडे-तिकडे बसले, की माणसाचं बोलणं परकं होतं. म्हणून मेणात दात बसवून ट्रायल घेतो तेव्हा मी रुग्णाला सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट, एकोणसत्तर मोजायला लावतो. स म्हणताना वरचे-खालचे दात अगदी जवळ येतात, पण टेकता कामा नयेत. टक् असा आवाज आला तर उंची चुकली. मग मी त्यांना त्यांच्या रोजच्या बोलण्यातलं काही म्हणायला सांगतो. कोणी हरिपाठ म्हणतं, कोणी सातबारा कसा काढायचा ते सांगतं, कोणी नातवंडांची नावं घेतं. ज्या माणसाला आपल्या तोंडून आपली भाषा नीट ऐकू येते, तो कवळी घालून घरी जातो आणि घालूनच राहतो.

श्रोते हो, आतापर्यंत दातांबद्दल बोललो. पण कधी कधी टाळूच जाते. वरच्या जबड्याचा कर्करोग झाला, तर जबड्याचा तो भाग काढावा लागतो आणि तोंड व नाक यांच्यामधली भिंत नाहीशी होते. प्यायलेलं पाणी नाकातून येतं. बोलताना हवा नाकातून निसटते, त्यामुळे प, ब, त, द, क असे हवा कोंडून सोडायचे वर्ण उमटतच नाहीत, म आणि न तेवढे उरतात. बापाला मुलीशी बोलताना स्वतःला ‘बाबा’ म्हणायचं असतं, आणि ऐकू येतं ‘मामा’. अशा रुग्णासाठी ते भोक बंद करणारी कवळी करतात. तिला ऑब्च्युरेटर म्हणतात. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आंब्रुआझ पारे यांनी स्पंज लावलेल्या अशा साधनाचं वर्णन केलं होतं. कल्पना जुनीच आहे.

अशा कवळीची किंमत काय असते, हे जाणायचं तर मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइड यांच्याकडे पाहावं. व्हिएन्नात १९२३ मध्ये त्यांच्या तोंडातला कर्करोग सापडला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हान्स पिखलर या शल्यवैद्यांनी त्यांच्या उजव्या बाजूचा वरचा जबडा आणि टाळू यांचा मोठा भाग काढला, आणि ती पोकळी भरणारा जबडा बसवला. फ्रॉइडच्या घरात त्या साधनाला ‘राक्षस’ म्हणत. घट्ट बसवला तर तोंड सोलून काढायचा, सैल केला तर बोलणं आणि खाणं दोन्ही जायचं. एकदा तो काढल्यावर परत बसेना. फ्रॉइड आणि त्यांची मुलगी आना अर्धा तास झटले, आणि शेवटी शल्यवैद्यांना बोलवावं लागलं. उजव्या कानाचं ऐकणं गेलं. पुढच्या १६ वर्षांत ३०हून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. बर्लिनच्या आणि अमेरिकेच्या तज्ज्ञांनी नवे जबडे करून दिले, पण एकही मनासारखा झाला नाही. १९३० मध्ये फ्रँकफुर्टने त्यांना गटे पारितोषिक दिलं तेव्हा त्यांचं भाषण आनाने वाचलं. ज्यांनी माणसांचं बोलणं हाच उपचार केला, त्यांना स्वतःला बोलणं एवढं जड झालं.

पण त्याच जबड्यासह ते रुग्ण तपासत राहिले, पुस्तकं लिहीत राहिले. १९३८ च्या डिसेंबरात लंडनमध्ये बीबीसीने त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित केला. तो आज ऐकायला मिळतो. प्रत्येक शब्दासाठी चाललेली ओढाताण त्यात स्पष्ट कळते. मी माझ्या विद्यार्थ्यांना तो ऐकवतो. त्यांना सांगतो, हे जे बोलणं शक्य झालं ते त्या राक्षसामुळेच, आणि हे जे कष्ट ऐकू येतात तेही त्याच्यामुळेच. आपण जे साधन देतो त्यात हे दोन्ही असतं.

हे व्हिएन्नापुरतं नाही. तोंडाच्या कर्करोगाचे जगातले सुमारे एक तृतीयांश रुग्ण भारतात आहेत, आणि त्यामागे तंबाखू आणि सुपारी आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तो मिळतो हे तुम्ही जाणता. आणि २०२१ आठवा. कोविडची दुसरी लाट ओसरत होती आणि म्युकरमायकोसिस, लोकांच्या तोंडी काळी बुरशी, पसरत होती. मधुमेह, स्टेरॉइड आणि त्यात कोविड. देशात सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्यांमध्ये आपलं राज्य होतं. जीव वाचवण्यासाठी अनेकांचे वरचे जबडे काढावे लागले, काहींचे डोळेही. त्यांतले कितीतरी चाळिशी-पन्नाशीचे होते, कमावते होते. जीव वाचला म्हणून घरात पेढे वाटले गेले, आणि पुढच्या आठवड्यात हीच माणसं नळीतून दूध घेत होती, घरच्यांशी पाटीवर लिहून बोलत होती.

अशा रुग्णांकडून मी एक शिकलो, ते आग्रहाने सांगतो. शस्त्रक्रियेच्या आधी आमच्याकडे या. जबडा शाबूत असताना माप घेतलं, तर शस्त्रक्रियेच्या टेबलावरच तात्पुरती टाळू बसवता येते. रुग्ण शुद्धीवर येतो तेव्हा त्याला बोलता येतं, काही दिवसांत तोंडाने घेता येतं. जखम आक्रसत जाईल तशी ती बदलत न्यायची, आणि काही महिन्यांनी कायमची, आतून पोकळ म्हणून हलकी, अशी करायची. हे अवघड तंत्र नाही. अडचण एवढीच, की कर्करोगाची शस्त्रक्रिया होते त्या प्रत्येक ठिकाणी आमच्या शाखेचा डॉक्टर नसतो, आणि रुग्णाला तो कित्येक महिन्यांनंतर, कोणाच्या तरी सांगण्यावरून सापडतो. तोवर नोकरी गेलेली असते, बाहेर पडणं थांबलेलं असतं.

मग या सगळ्याचा खर्च कोणी उचलायचा? खेड्यातली आजी मुलाला म्हणते, ‘माझं आता किती दिस ऱ्हायलं बाबा, कशाला एवढा खर्च?’ आणि मुलगा गप्प बसतो, कारण तिचं म्हणणं घराच्या हिशेबात बसतं. हा हिशेब घराने एकट्याने करायचा नसतो. ब्रिटनमध्ये १९५१ साली चष्मा आणि कवळी यांवर सरकारने शुल्क लावलं, तेव्हा तिथली मोफत आरोग्यसेवा उभारणाऱ्या अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. चष्मा आणि कवळी. मोठी शस्त्रक्रिया नाही, महाग औषध नाही. त्यांना कळलं होतं की गरिबाचं म्हातारपण या दोन वस्तूंवर तोललेलं असतं. आपल्याकडे कर्नाटकाने २०१४ मध्ये दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना मोफत कवळी देणारी दंतभाग्य योजना आणली. केंद्राच्या २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत काठी, श्रवणयंत्र, चाकांची खुर्ची यांच्या यादीत कवळीही आहे. या सभागृहात किती जणांना हे ठाऊक होतं? यादीत नाव असणं आणि तोंडात कवळी असणं यांच्यामध्ये माप, ट्रायल, दुरुस्ती यांच्या पाच-सहा फेऱ्या असतात. त्या फेऱ्यांच्या एसटीभाड्याची सोय झाल्याशिवाय योजना पोचत नाही.

आणि दात राखणं हे सर्वांत स्वस्त. इंग्लंड-वेल्समध्ये १९६८ साली ३७ टक्के प्रौढांच्या तोंडात एकही दात नव्हता. २००९ मध्ये ते प्रमाण ६ टक्क्यांवर आलं. जपानने १९८९ मध्ये ऐंशीव्या वर्षी वीस दात हे उद्दिष्ट ठरवलं आणि शाळेपासून वृद्धाश्रमापर्यंत ते पोचवलं. देश ठरवतात तेव्हा होतं.

शेवटी घरच्यांशी बोलतो, कारण या सभागृहात कवळी घालणाऱ्यांपेक्षा त्यांची मुलं आणि सुना जास्त आहेत. पहिल्या महिन्यात मऊ अन्न, बारीक घास, दोन्ही बाजूंनी चावणं. कवळी आली म्हणजे आहार आपोआप सुधारत नाही, वर्षानुवर्षांची मऊ खाण्याची सवय राहतेच. म्हणून पुन्हा ताटात उकडलेल्या शेंगा, मोडाची उसळ, पिकलेलं फळ वाढा. रात्री कवळी काढून स्वच्छ पाण्यात ठेवा, गरम पाण्यात नको, ती वाकडी होते. जपानमध्ये पंच्याऐंशीपुढच्या लोकांच्या अभ्यासात दिसलं, की कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून अधिक होता. घासताना बेसिनमध्ये थोडं पाणी किंवा रुमाल ठेवा, हातून निसटून फुटते ती तिथेच. आणि त्यांच्याबरोबर जेवायला बसा. त्यांचा वेग तुमचा वेग होऊ द्या.

आणखी एक. दवाखान्यात भरती करताना, भूल द्यायच्या आधी कवळी काढतात. ती कागदात गुंडाळली जाते आणि ट्रेबरोबर कचऱ्यात जाते. हे वारंवार होतं. नवी करून घेतानाच तंत्रज्ञाला सांगा, आत नावाची पट्टी घालून देईल, त्याला खर्च जवळजवळ नाही. भरतीच्या वेळी झाकणाची डबी बरोबर न्या, तिच्यावर नाव लिहा, ती परिचारिकेच्या हातात द्या. आणि आई किंवा बाबा शुद्धीवर आले, डॉक्टरांनी होकार दिला, की भेटायला माणसं आत सोडण्याआधी कवळी त्यांच्या हातात द्या.